साखर, वाल आणि नीरा : डॉ. कमला सोहोनी यांचें संशोधन
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, पूर्वींच्या धर्मगुरूंचे कष्ट आणि देवळाची उभारणी यांविषयीं माझ्याहून अधिकारी वक्त्यांनीं आपणांस सांगितलेंच आहे. त्यांत मीं भर घालावी असें कांहीं नाहीं. व्यवस्थापकांनीं मला एवढेंच सुचविलें कीं, शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींना व त्यांच्या आईबापांना उपयोगी पडेल असा एखादा शास्त्रीय विषय सोप्या भाषेंत मांडावा. म्हणून आज मीं एका मराठी बाईंचें संशोधन हा विषय घेतला आहे. त्यांचें नांव डॉ. कमला सोहोनी. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. सजीवांच्या शरीरांत साखर, पिष्ट, प्रथिनें इत्यादि पदार्थ कसे घडतात, कसे मोडतात व त्यांपासून शक्ति कशी निर्माण होते, याचा शोध घेणें हें त्यांच्या आयुष्याचें काम. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरीहि त्यांची कथा देवळाच्या अंगणांत सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं. कारण त्यांनीं ज्या पदार्थांची परीक्षा केली ते भात, वाल आणि ताडमाडांचा रस हे आपल्याच ताटांतले व आपल्याच बांधावरचे आहेत. आणि ज्यांच्यासाठीं ती परीक्षा केली तीं अर्धपोटीं राहणारीं मुलें आपल्या वाड्यांवर अजूनहि आहेत.

प्रथम साखरेविषयीं थोडेंसें सांगतों, म्हणजे पुढील कथा समजण्यास सोपी जाईल. झाडाचें हिरवें पान हवेंतील कर्बवायु व मुळांवाटे आलेलें पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या साह्यानें साखर तयार करतें. या साखरेचा एक साधा मणी म्हणजे ग्लुकोज. हे मणी निरनिराळ्या रीतीनें ओंवले म्हणजे निरनिराळे पदार्थ होतात. एका रीतीनें ओंवले तर भाताचें पिष्ट होतें, आणि तेच मणी सांध्याच्या जराशा फरकानें ओंवले तर लांकडाचा व कापसाचा तंतु होतो. पिष्टानें मनुष्याचें पोट भरतें. तंतूनें भरत नाहीं. गुरांचें भरतें खरें, पण तेंहि त्यांच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंच्या मेहेरबानीनें. भाताच्या पिष्टांतहि दोन प्रकार आहेत : एक सरळ सांखळीचा व दुसरा फांद्या फुटलेल्या सांखळीचा. सरळ सांखळ्या अधिक असल्या तर भात मोकळा शिजतो. फांद्याच फार झाल्या तर तो चिकट होतो. आपल्या कर्जतचें भात संशोधन केंद्र 1919 सालापासून चालू आहे, आणि 'कर्जत-3', 'कर्जत-184' या तेथील जाती आपल्यापैकीं पुष्कळांनीं लाविल्या असतील. तांदळाच्या जातीची पारख करावयाची म्हणजे खंडी किती उतरते एवढेंच पाहून भागत नाहीं, शिजल्यावर दाणा कसा राहतो हेंहि पाहावें लागतें. आणि तें ठरविणारी मुख्य गोष्ट हीच सरळ व फांद्यांच्या सांखळ्यांची वांटणी होय. म्हणजे ज्या शास्त्राविषयीं मी बोलत आहें तें आपल्या स्टेशनापासून फार दूर नाहीं.

या फांद्यांच्या गोष्टींत आपल्या ख्रिस्तसभेच्या एका धर्मगुरूचा मोठा वांटा आहे, तो येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल यांनीं ब्रुन येथील मठाच्या बागेंत वाटाण्याचीं झाडें लावून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. तो निबंध त्यांनीं 1865 सालीं वाचला व 1866 सालीं तो छापला गेला. त्यांनीं जे गुण निवडले त्यांत वाटाण्याचा दाणा गोल कीं सुरकुतलेला हा एक होता. तो दाणा सुरकुततो कां, हें मात्र त्यांना कळण्याचा त्या काळीं मार्गच नव्हता. 1990 सालीं इंग्लंडांत नॉरिच येथील जॉन इन्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तें कारण दाखवून दिलें. पिष्टाच्या सांखळीला फांदी फोडणारें एक द्रव्य दाण्यांत असतें. तें द्रव्य घडविण्याची जी आज्ञा वाटाण्याच्या पेशींत लिहिलेली असते, तिच्या मध्यें सुमारें 800 अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला असला, म्हणजे ती आज्ञा बिघडते. मग पिष्ट कमी होतें, साखर उरते, साखरेमुळें दाणा पाणी अधिक ओढून घेतो, आणि वाळल्यावर त्याची साल सैल पडून सुरकुतते. आणखी एक योगायोग पाहा. ही आज्ञा ज्या पदार्थांत लिहिलेली असते, त्या डीएनएची दुपदरी रचना 1953 सालीं वॉटसन व क्रिक यांनीं मांडली. त्या दोन्ही दोऱ्यांचा कणा साखर व फॉस्फेट यांचाच बनलेला आहे. साखरेचें रसायनशास्त्र आणि आज ज्याला रेण्वीय जीवशास्त्र म्हणतात तें शास्त्र हीं मुळापासूनच एकमेकांत गुंतलेलीं आहेत.

आतां कमलाबाईंकडे वळूं. त्यांचा जन्म 1911 सालीं इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेहि बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले. मराठी वाचकांस सुपरिचित असलेल्या विदुषी दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. एक बहीण लोककथांत व आदिवासींच्या चालीरीतींत रमली, दुसरी परीक्षानळ्यांत. परंतु पुढें पाहाल तर दोघींच्या वाटा शेवटीं गरिबाच्या झोंपडीपाशीं येऊन मिळाल्या असें दिसेल. 1933 सालीं कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाल्या, आणि वडिलांच्या वाटेनें बंगलोरास जाण्याकरितां त्यांनीं अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कारण गुण कमी होते असें नव्हे. अर्ज करणारी मुलगी होती, एवढेंच.

त्या वेळीं संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. 1930 सालचें नोबेल पारितोषिक मिळविलेला हा जगन्मान्य पुरुष. परंतु बाईमाणसानें संशोधन करावें हें त्यांच्या मनास पटत नव्हतें. बावीस वर्षांच्या कमलाबाई स्वतः बंगलोरास गेल्या व आपला गुन्हा काय तें सांगा, असा त्यांनीं आग्रह धरला. महात्माजींचा सत्याग्रह देशभर चालू होता, तो त्यांनीं संचालकांच्या दारांत केला असें म्हणतात. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून : पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना व्हावयाची नाहीं, मार्गदर्शक सांगतील त्याप्रमाणें रात्रींबेरात्रीं काम करावें लागेल, आणि प्रयोगशाळेंतील वातावरण बिघडूं देतां कामा नये. तिसरी अट ऐकून येथें बसलेल्या मुलींना काय वाटलें असेल, तें मी विचारीत नाहीं. कमलाबाईंनीं अटी मान्य केल्या, पण हा अपमान त्या उतारवयांतहि विसरल्या नाहींत. श्रीनिवासय्या नांवाचे मार्गदर्शक त्यांना लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यांस भरभरून शिकविणारे होते. त्यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षाच्या शेवटीं रामन यांचें समाधान झालें, आणि तेव्हांपासून त्या संस्थेंत मुलींना प्रवेश मिळूं लागला. थोर माणसाचें मतहि पुराव्यानें बदलतें, आणि रामन यांनीं तें बदलूं दिलें, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. मात्र तो पुरावा एका मुलीला वर्षभर प्रयोगशाळेंत राबून द्यावा लागला, आणि तिच्या बरोबरीच्या मुलांपैकीं कोणालाहि तो मागितला गेला नाहीं.

1936 सालीं एम. एस्सी. होऊन कमलाबाई पुढें केम्ब्रिजला गेल्या. तेथें सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेंत त्यांना जागा मिळाली. हे तेच हॉपकिन्स ज्यांना जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल 1929 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें. हिल हे वनस्पतींवर काम करणारे. कमलाबाईंनीं बटाटा घेतला, आणि त्यांत त्यांना सायटोक्रोम-सी नांवाचें एक द्रव्य आढळलें. पुढें वनस्पतींच्या सर्वच पेशींत तें असतें असें त्यांनीं दाखविलें.

याचें महत्त्व समजावयाचें असेल तर खोपोलीचें उदाहरण घ्या. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी 1915 सालापासून नळांवाटे खालीं आणून खोपोलीच्या वीजघरांत चक्रें फिरविलीं जातात. तेंच पाणी पावसाळ्यांत उघड्या कड्यावरून कोसळतें तेव्हां नुसता आवाज होतो व दगड झिजतात. उंचीवरून खालीं येण्याची शक्ति दोन्हीकडे सारखीच. फरक तिला आवर घालण्याचा. साखरेचेंहि तसेंच आहे. मूठभर साखर आगींत टाकली तर भडका होऊन जाते. तीच साखर शरीरांत जळते तेव्हां तींतील शक्ति पायरीपायरीनें काढून घेतली जाते. घर शाकारतांना माणसें शिडीवर ओळीनें उभीं राहून कौलें हातोहात वर देतात, त्याप्रमाणें विजेचे सूक्ष्म कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे दिले जातात, आणि त्या प्रत्येक देवघेवींत शरीराच्या उपयोगाची शक्ति सांठवली जाते. या ओळींत उभें असलेलें एक छोटेंसें, पोटीं लोहाचा अणु धरणारें प्रथिन म्हणजे सायटोक्रोम-सी. प्राण्यांत तें असतें हें केम्ब्रिजमध्येंच डेव्हिड केलिन यांनीं 1925 सालीं दाखविलें होतें. बटाट्यांतहि तेंच, म्हणजे बटाटा व मनुष्य एकाच पद्धतीनें श्वसन करतात, हा कमलाबाईंच्या कामाचा अर्थ. पुढें 1960 नंतरच्या काळांत या द्रव्याची अक्षरशः जुळणी वाचली गेली. मनुष्याच्या सायटोक्रोम-सी मध्यें 104 दुवे आहेत. चिंपांझींत ते सारेच्या सारे तसेच आहेत, आणि रीसस माकडांत फक्त एक निराळा आहे. 1996 सालीं अमेरिकेंत असेंहि आढळून आलें कीं, पेशीचें मरण जवळ आलें म्हणजे हेंच द्रव्य आपली जागा सोडून बाहेर पडतें व मरणाची व्यवस्था सुरू करतें. ज्या मुलीनें प्रयोगशाळेचें वातावरण बिघडूं नये अशी अट होती, तिनें बटाट्याच्या फोडींत पाहिलेलें हें द्रव्य!

या कामाचा प्रबंध अवघा 40 पानांचा होता, आणि 1939 सालीं त्यावर त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. विज्ञानांत डॉक्टर झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचें नांव पुष्कळ ठिकाणीं दिलेलें आढळतें. काटेकोर बोलावयाचें तर वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनीं 1931 सालींच अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठाची तशी पदवी घेतली होती. एकीचा मान दुसरीला देण्याचें कारण नाहीं. दोघींनाहि पुरून उरेल एवढा तो मान आहे.

केम्ब्रिजला राहिल्या असत्या तर कमलाबाई मोठ्या नांवारूपास आल्या असत्या, हें उघड आहे. त्या 1939 सालीं परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयांत, नंतर कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेंत, आणि 1947 सालीं श्री. सोहोनी यांच्याशीं विवाह झाल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें त्यांनीं काम केलें. या शेवटच्या संस्थेंत जीवरसायनाचा विभाग नवा होता, साधनें तुटपुंजीं होतीं. तेथें त्यांनीं पाश्चात्त्य देशांत चाललेल्या प्रश्नांच्या मागें न धांवतां तीन साधे विषय निवडले : कडधान्यें, भाताचें पीठ आणि नीरा. गरीब मनुष्य जें खातो त्यांत आहे तरी काय, आणि जें आहे तें त्याच्या अंगीं लागतें कीं नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न. मला विचाराल तर केम्ब्रिजच्या कामापेक्षां हा मुंबईचा भाग मोठा आहे, जरी पुस्तकांत त्याला दोनच ओळी मिळतात.

त्यांतला वाल आपल्या घरचा. भाताची कापणी झाली कीं जमिनींत उरलेल्या ओलीवर आपण वाल टाकतों, आणि थंडींत पोपटी लावतों. तुमच्या-माझ्या आजीनें वालाचें बिरडें कसें केलें तें आठवा. वाल रात्रभर भिजवावयाचे, फडक्यांत बांधून मोड आणावयाचे, पुन्हां कोमट पाण्यांत घालून साल काढावयाची, आणि मग चांगले शिजवावयाचे. एवढा खटाटोप कशासाठीं? 1955 सालीं कमलाबाई व त्यांचे एक सहकारी यांनीं विलायतेच्या 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकांत एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वालांतून त्यांनीं एक द्रव्य स्फटिकाच्या रूपांत वेगळें काढलें होतें. आपल्या स्वादुपिंडांतून ट्रिप्सिन नांवाचें पाचकद्रव्य आंतड्यांत येतें व प्रथिनांचे तुकडे करतें. वालांतील हें द्रव्य त्या ट्रिप्सिनला घट्ट मिठी मारून निकामी करतें. म्हणजे कच्चा वाल पोटांत गेला तर त्यांतील प्रथिन भरपूर असूनहि पचावयाचें नाहीं. झाडानें आपल्या बीजाच्या रक्षणाकरितां घातलेलें हें जणूं कुलूपच. भिजविल्यानें व मोड आणल्यानें तें ढिलें होतें, आणि नीट शिजविल्यानें बहुतेक मोडतें. आजीला ट्रिप्सिन ठाऊक नव्हतें, पण कुलूप कसें उघडावें तें ठाऊक होतें. हल्लीं जळण महाग म्हणून, किंवा वीटभट्टीवरून परत आल्यावर अंगांत त्राण नसतें म्हणून, कडधान्य अर्धेंकच्चें उतरविलें जातें. लहान मुलाच्या बाबतींत हें नुकसान थोडें नाहीं. डाळ ताटांत पडली म्हणजे प्रथिन मिळालें, असें वजनाच्या वहींत लिहितां येतें. शरीराच्या वहींत तें तसें उमटत नाहीं.

याच वालांत त्यांच्या प्रयोगशाळेस आणखी एक द्रव्य सांपडलें, आणि 1965 सालीं त्याविषयीं त्यांनीं लिहिलें. हें द्रव्य रक्ताच्या तांबड्या पेशी एकमेकींस चिकटवितें. तें कसें, हें मोठें मनोरंजक आहे. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या आंखूड सांखळ्या केसांसारख्या उभ्या असतात, आणि अशीं द्रव्यें त्यांतील विशिष्ट साखर ओळखून तिला धरतात. इस्पितळांत रक्त देण्यापूर्वीं आपला गट तपासतात. त्यांतील 'ए' आणि 'बी' या गटांत फरक एवढाच कीं, सांखळीच्या टोंकाशीं असलेला साखरेचा एक मणी निराळा असतो. एका मण्याचा फरक, आणि चुकीचें रक्त चढलें तर मनुष्य दगावतो! हे गट कार्ल लांडस्टायनर यांनीं व्हिएन्ना येथें शोधून 1901 सालीं प्रसिद्ध केले. तेहि आपल्या कॅथॉलिक धर्माचे होते, हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस आनंद वाटेल.

आतां नीरा. हा विषय कमलाबाईंनीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हातीं घेतला. आपल्या ओढ्याकाठीं शिंदीचीं झाडें आहेत, माळावर ताड आहेत. नीरा म्हणजे काय तें येथें कोणास सांगावयास नको. परंतु नीरा व ताडी या दोन वस्तु नसून एकच वस्तु दोन वेळांची आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. झाडाला खांच पाडून मडकें बांधलें म्हणजे त्यांत जो रस गळतो त्याच्या शंभर भागांत सुमारें दहा ते चौदा भाग साखर असते, तीहि बहुतेक उंसाचीच साखर. रस गळूं लागतांच हवेंतील व मडक्यांतील सूक्ष्म जंतु त्यांत पडतात. ते प्रथम ती साखर फोडून तिच्यापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या साखरा करतात, आणि मग त्यांपासून मद्यार्क व आम्ल तयार होऊं लागतें. पहाटे जो रस लेंकराच्या तोंडीं लावतां आला असता, तोच दुपारपर्यंत बापाच्या डोक्यांत चढणारी ताडी होतो. मडक्याला आंतून चुना लावला किंवा रस थंड ठेवला तर जंतूंची वाढ आवरते. आणि रस लगेच आटविला तर गूळ होतो, साधारण दहा लिटर रसाचा एक किलो. 1949 च्या दारूबंदी कायद्यानेंहि नीरेची व्याख्या करतांना आंबूं नये म्हणून मडक्यास केलेल्या याच उपायाचा उल्लेख केला आहे. रस काढण्यास परवाना लागतो, हें मात्र विसरूं नका.

कमलाबाईंनीं असें दाखविलें कीं, नीरेंत साखरेशिवाय 'अ' व 'क' हीं जीवनसत्त्वें आणि लोह चांगल्या प्रमाणांत आहे, आणि नीरा आटवून गूळ केला तरी तीं बरींचशीं टिकतात. पुढील अभ्यासांत आदिवासी भागांतील कुपोषित कुमारवयीन मुलांस व गर्भार स्त्रियांस आहारांत नीरा दिली, आणि त्यांच्या प्रकृतींत स्पष्ट सुधारणा आढळली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपति-पारितोषिक मिळालें. नीरा हा कांहीं चमत्कार नव्हे, हें मी आपणहून सांगतों. ती दुधाची किंवा डाळीची जागा घेऊं शकत नाहीं, आणि साखर ती साखरच. परंतु ज्या घरांत दूध येणें नाहीं व भाजी पावसाळ्यापुरतीच, तेथें दारांतल्या झाडाचा रस आंबण्यापूर्वीं मुलाच्या पोटांत जाणें ही लहान गोष्ट नाहीं.

आपल्या भागांत ही गोष्ट नाजूक आहे, हें मला ठाऊक आहे. ताडीनें कित्येक घरें बसलीं, आणि धर्मगुरूंनीं त्याविरुद्ध किती वर्षें बोलावें लागलें तें येथील वडीलधाऱ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून झाडालाच शिव्या देण्याची आपणांस संवय लागली. झाडाचा दोष नाहीं; सारा प्रश्न चार-सहा तासांचा आहे. आणि रसायन म्हटलें म्हणजे तें शहरांतल्या शिकलेल्यांचें, असें जें आपल्या कातकरी बांधवांना वाटतें तेंहि खरें नाहीं. कातकरी हें नांवच कात करण्यावरून पडलें. खैराच्या लांकडाचा गाभा उकळून, गाळून, आटवून कात काढणें हें काय रसायन नव्हे? ज्या हातांना आंच किती ठेवावी व उतरावें केव्हां हें कळत होतें, त्यांना नीरेचा गूळ करणें जड जाणार नाहीं.

या घाटाच्या झाडांविषयीं बोलतांना फादर सांतापाव यांचेंहि स्मरण होतें. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील हे येशूसंघी धर्मगुरु आपल्या डोक्यावरच्या खंडाळ्यांत वर्षानुवर्षें हिंडले, आणि तेथील वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ 1953 सालीं प्रसिद्ध झाला. झाडांचीं नांवें आपल्या धर्मगुरूनें लिहून ठेविलीं, आणि झाडाच्या रसांत काय आहे तें एका मराठी बाईनें तपासलें. त्याचा उपयोग करणें तेवढें उरलें आहे.

कमलाबाई पुढें त्याच मुंबईच्या संस्थेच्या संचालक झाल्या. तें पद त्यांना योग्यता असूनहि उशिरानें मिळालें. निवृत्त झाल्यावर त्या ग्राहकांच्या हिताकरितां झटणाऱ्या मुंबईच्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीच्या कामांत पडल्या, 1982-83 सालीं तिच्या अध्यक्ष होत्या, आणि तिच्या 'कीमत' नांवाच्या मासिकांतून सामान्य गृहिणींसाठीं लिहीत राहिल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें दिल्लीस त्यांचा सत्कार केला, त्या समारंभांतच त्यांची प्रकृति बिघडली, आणि थोड्याच काळानें 1998 सालीं त्यांचें निधन झालें.

माझें बोलणें बरेंच लांबलें. एक विनंति करून थांबतों. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मुली यंदा दहावींत आहेत. दहावीनंतर विज्ञानशाखा घ्यावयाची म्हणजे कर्जत किंवा खोपोलीस रोज जावें लागणार, शिकवणीचा खर्च येणार, घरीं यावयास उशीर होणार, आणि शेजारीं चार शब्द बोलणार, हें सर्व मला कळतें. यांत गाडीच्या पासाची व शिकवणीच्या पैशांची व्यवस्था महोत्सवाच्या निधींतून होऊं शकेल काय, यावर फादरांशीं माझें बोलणें झालें आहे, आणि त्यांनीं नकार दिलेला नाहीं. ज्यांच्या मुली तयार असतील त्या आईबापांनीं आजच मला भेटावें. पंगत उठेपर्यंत मी शाळेच्या ओसरीवर आहें.